भाभींची हद्द

आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असे. नवऱ्याचा फुलांचा धंदा, त्यामुळे कुणी हारांसाठी यायचं, कुणी गजऱ्यांसाठी, कुणी नुसतंच. आत येताना कुणी विचारत नसे आणि आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. अपवाद एकट्या भाभींचा. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "ताई, परमिशन हाय काय?" मी "आहे" म्हणेपर्यंत पाऊल आत पडायचं नाही. एकदा मी न्हाणीघरात होते, मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तर या बाई अमरावतीच्या मे महिन्यातल्या उन्हात लालबुंद होऊन तिथेच उभ्या. मी ओरडले, तर म्हणाल्या, "आतून कोनी बोललं नाई. बिनापरमिशन कशी येऊ?"

गल्लीनं त्यांचं नाव 'परमिशन भाभी' पाडलं होतं आणि त्यांनाही ते आवडत असावं. मला मात्र सुरुवातीला वाटायचं, या बाई आमची थट्टा करतात. तशी ती थट्टाच होती, पण आमची नव्हती.

भाभी जन्मल्या सिंधमधल्या एका गावात, म्हणजे सीमेच्या पलीकडे. त्यांच्या नवऱ्याचं घराणं फाळणीत इकडे आलेलं, अमरावतीत रुजलेलं. नवऱ्याला सगळी गल्ली 'शेठ' म्हणायची, कारण सिंधी माणसाला आपल्याकडे दुसरं काही म्हणतच नाहीत. हे शेठ आयुष्यभर दुसऱ्याच्या कापड दुकानात तागे उलगडून दाखवायचं काम करत. त्यांच्या लग्नाची वेळ आली तेव्हा घरच्यांनी नात्यातलीच, तिकडची मुलगी पसंत केली. मुलगी आईबापांबरोबर थोड्या दिवसांच्या व्हिसावर आली, अमरावतीत लग्न लागलं, आईबाप परत गेले आणि मुलगी राहिली. राहण्याच्या परवानगीबरोबर एक अटही मिळाली. राहायचं ते अमरावती शहरात. शहराची हद्द ओलांडायची तर आधी अर्ज, मग चौकशी, मग लेखी परवानगी. नवरा भारतीय, पुढे झालेली मुलगी भारतीय, शेजारीण मी भारतीय, आमच्या गल्लीतलं लंगडं कुत्रंसुद्धा भारतीय. परदेशी एकट्या भाभी.

त्यांची मराठी ऐकली असती तर कुणाचाही यावर विश्वास बसला नसता. मराठी त्या शिकल्या होत्या भाजीबाजारात. आमच्याकडच्या माळणींशी वांग्यांवरून भांडत भांडत शिकलेली भाषा ती, अस्सल वऱ्हाडी आणि भाव पाडण्याच्या सुरातली. मी शाळेत मास्तरीण. मी शुद्ध बोलायला लागले की त्या म्हणायच्या, "ताई, असं बोलशीन त कोथिंबीर बी कोनी देनार नाई तुले." माझं माहेर परतवाड्याकडचं. तिथून मोसंब्या आल्या की मी दरवर्षी त्यांना म्हणायची, चला एकदा आमच्या मळ्यात. एका वर्षी सगळी गल्ली दोन जिपा करून परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेली. भाभींनी पहाटे उठून सगळ्यांसाठी पुऱ्या तळून दिल्या आणि जीप वळेपर्यंत कोपऱ्यावर उभ्या राहून हात हलवला. मला त्या पुऱ्या गेल्या नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येते. त्यांच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आपल्याकडेही बदलतातच की. माझ्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि माहेरची मंदा सासरी वैशाली झाली. भाभींचंही तसंच. पंडितानं पत्रिका पाहून अक्षर काढलं, सासूनं त्यावरून नाव ठरवलं, मिठाई वाटली. पद्मा होती, ती कोमल झाली. रेशनकार्डावर कोमल, लग्नाच्या दाखल्यावर कोमल, मुलीच्या जन्मदाखल्यात आई कोमल. सगळ्यांना वाटलं, पद्मा मांडवातच संपली. पण तिच्या पासपोर्टला हे कुणी कळवलं नाही. तो पद्माचाच राहिला आणि त्यावर मिळणारी राहण्याची परवानगीही पद्माचीच.

भाभींनी नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा हे भूत बाहेर निघालं. भारतीयाची बायको म्हणून अर्ज करायचा, तर लग्न झालं ते कोमलचं. भारतात आली ती पद्मा. थोडक्यात, पद्माचं लग्न झालेलं नाही आणि कोमल भारतात आलेलीच नाही. मी म्हटलं, एवढंच ना, प्रतिज्ञापत्र करू, दोन्ही एकच म्हणून. माझं नाव बदललं तेव्हा मी तेच केलं होतं. कळलं, ते आपल्या नागरिकांसाठी. परदेशी माणसाचं नाव त्याच्या पासपोर्टावर बदललं पाहिजे. त्यासाठी दिल्लीला त्याच्या देशाच्या वकिलातीत गेलं पाहिजे. दिल्लीला जायचं तर अमरावतीची हद्द ओलांडायची परवानगी पाहिजे. ती मागायची तर अर्जावर कारण लिहायचं, आणि कारण वाचलं की खिडकीतला माणूस म्हणायचा, आधी सांगा, तुमचं खरं नाव कोणतं?

त्या कार्यालयाच्या चकरांना मी बरोबर जाऊ लागले. मास्तरीण सोबत असली की जरा वजन पडतं, असा शेठचा समज. वजन कसलं पडतंय. मी दुसऱ्या वाक्यालाच चिडायची. भाभी माझा हात दाबायच्या आणि बाहेर आल्यावर समजवायच्या, "ताई, खिडकीवर चिडाचं नाई. मानूस चिडला त समजते, खिडकी चिडली त बंद होते." त्या स्वतः लग्नाला निघाल्यासारख्या नटून यायच्या. लिपस्टिक, आमच्या दुकानातला गजरा, कागदांची पिशवी आणि एका ओल्या फडक्यात आमचीच मोगऱ्याची फुलं. नंबर लागेपर्यंत बाकावर बसून त्या गजरे ओवायच्या. एका शिपायानं हटकलं, इथे धंदा नाही करायचा. भाभींनी त्याच्या हातात गजरा ठेवला, "धंदा नाई बापा, टाइमपास. घे, बायकोले ने." त्यानं नंतर कधी हटकलं नाही. पण कामही काही पुढे सरकलं नाही.

मधूनच एखादा हवालदार चौकशीला घरी यायचा. या बाई इथेच राहतात ना, एवढंच त्याला पाहायचं असे. भाभी त्याला चहा द्यायच्या, पापड भाजून द्यायच्या. तो विचारायचा, काही नवीन? भाभी म्हणायच्या, "नवीन तूच हायेस. मागच्या बारीले दुसरा होता." हवालदार बदलत गेले. काहींची निवृत्ती झाली. भाभी जिथल्या तिथे.

अशात त्यांच्या हर्षाचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, घर चांगलं. लग्न अमरावतीत झालं, म्हणून भाभींना मुलीच्या लग्नाला जाण्यासाठी अर्ज करावा लागला नाही. रीतीप्रमाणे सासरच्यांनी हर्षाचं नाव बदलून दीया ठेवलं. इथे मला माझंच नवल वाटतं. त्या एका रीतीपायी मी कितीतरी सुट्ट्या त्या बाकावर घालवल्या होत्या. भाभींनी तर उमेदीची वर्षं घालवली होती. आणि तरी हर्षाची दीया होताना आम्हा दोघींपैकी एकीलाही काही सुचलं नाही. भाभी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि मी लाडू खात होते.

पहिलं बाळंतपण माहेरी. तीही रीतच. पण सातव्या महिन्यात हर्षाची तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला. पलंगावरून उठायचंसुद्धा नाही. सासू आधीच अंथरुणाला खिळलेली. म्हणजे आता आईनंच जायला हवं होतं. अकोला काय लांब आहे? बडनेऱ्याला गाडीत बसावं, मूर्तिजापूरला चहा प्यावा, तेवढ्यात अकोला येतं. आम्ही अर्ज केला. कारण : मुलीचे बाळंतपण. मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिला होता तो.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. त्यानं सगळे कागद नीट लावून पाहिले. हर्षाच्या जन्मदाखल्यात आई कोमल, अर्जदार पद्मा. दवाखान्याच्या चिठ्ठीवर पेशंट दीया, जन्मदाखला हर्षाचा. तो म्हणाला, "मॅडम, ह्या कागदात माय बी नाई आन पोरगी बी नाई. परमिशन देऊ कोनाले?"

मी ओरडले. त्या दिवशी भाभींनी हात दाबला तरी ओरडले. म्हटलं, या बाईचं तोंड बघा, मुलीचा फोटो बघा, आंधळ्यालाही कळेल.

"मले दिसून राहिलं नं मॅडम, ह्या माय हायेत म्हनून," तो म्हणाला. "मले दिसून काय फायदा? कागदाले दिसलं पायजे. मी वर पाठवतो, पाहू."

वर काय होतं देव जाणे. तिथून काही खाली आलं नाही. दिवस भरत आले. गल्लीत प्रत्येक जण सांगू लागला, भाभी, जा गुपचूप. एसटीत बसा, कोण विचारतं? शेठही तेच म्हणाले, आणि ते भित्रे गृहस्थ होते. मीही म्हटलं. मी तर भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, भाभी, पोरगी तिकडे रडतेय आणि तुम्ही कसले नियम पाळता? ज्यांनी तुम्हाला आई मानलं नाही त्यांचे?

भाभी तेव्हा डिंक तळत होत्या. झारा तसाच धरून म्हणाल्या, "इतकी वर्सं मी यांच्या कागदात खरी राहिली, ताई. एक दिवस खोटी निंगाली त झालं सारं. मंग पोरीचं घर जलमात पाहू देनार नाई मले. एका बाळंतपनासाठी सारे बाळंतपनं घालवू काय?" मग झारा कढईत घालून हळूच म्हणाल्या, "तू जाशीन काय?"

शहराची हद्द बडनेऱ्यापर्यंत. बडनेरा स्टेशन हद्दीच्या आत, एवढी कायद्यानं त्यांच्यावर कृपा केली होती. हर्षाला दवाखान्यात नेल्याचा फोन आला तशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी ऑटोनं बडनेऱ्याला निघालो. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि शेठच्या जुन्या मऊ धोतराची शिवलेली झबली. वाटेत भाभी सतत बोलत होत्या. इंजेक्शनाले भेते, तोंड फिरवून ठेव. डाव्या अंगावर झोपते. रागावली त उत्तर देऊ नको. मी गाडीच्या दाराशी उभी राहिल्यावर त्यांनी शेवटचं सांगितलं, "तिले हरू म्हन. तिथं तिले कोनी हरू म्हनत नसन."

गाडी हलली. लोक गाडीबरोबर चालतात, हात धरतात. भाभी उलट दोन पावलं मागे सरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या उंबऱ्याबाहेर राहायच्या तशाच. मला इतका संताप आला की मूर्तिजापूरचा चहासुद्धा मी घेतला नाही.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात मी शिरले तर नर्सबाई वऱ्हांड्यात कागद हातात घेऊन ओरडत होत्या, "पेशंटची आई कोन हाय?"

"मी," मी म्हटलं.

"इथं सही करा."

केली. कुणी नाव पडताळलं नाही, पासपोर्ट मागितला नाही, जन्मदाखला पाहिला नाही. खऱ्या आईनं पोतंभर कागद दाखवले तरी ती आई ठरली नाही आणि मी, एक शेजारीण, एका शब्दात ठरले. आत जाऊन मी हरूचा हात धरला. ती म्हणाली, "मम्मी नाई आली?" मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. पलीकडून भाभी काय बोलत होत्या ते सिंधीत होतं, मला कळलं नाही. हरू मात्र शांत झाली. संध्याकाळी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

आणि तिथे मी घोळ केला. जावई औषधं आणायला गेलेला. कुणीतरी वही घेऊन आलं, बाळाच्या आईचं नाव सांगा. मी आनंदात होते. ज्या नावानं तिला रांगताना, शाळेत जाताना, फ्रॉकमधून साडीत येताना हाक मारली, तेच सांगितलं. हर्षा. जन्मदाखला त्याच नावानं निघाला. आधारकार्डावर ती दीया. म्हणजे आणखी एक मुलगी जन्मली जिची आई कागदावर दुसरीच होती, आणि हे मी केलं होतं, सगळं ठाऊक असलेल्या मी. दुरुस्तीसाठी जावई पुढे किती खेटे घालत होता ते विचारू नका. फोनवर भाभींना सांगितलं तेव्हा त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "ताई, आता तू बी आमच्यातली झाली," म्हणाल्या. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

नातीचं तोंड भाभींनी पाहिलं ते हर्षा प्रवासाजोगी झाल्यावर, अमरावतीतच. पुढे नियम सैल झाले. राज्यात फिरायला परवानगी नको असं कुणीसं सांगितलं, तरी भाभींनी ते लेखी मागितलं, आणि लेखी कुणी देईना, म्हणून त्या हलल्या नाहीत. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा नात शाळेत जाऊ लागली होती. मी पेढे घेऊन धावले. भाभींनी तो कागद उलटसुलट पाहिला. त्यावर नाव होतं पद्मा. वरच्या एका साहेबानं कशीबशी वाट काढली होती, पण नाव पासपोर्टावरचंच. "ताई," त्या म्हणाल्या, "हे पद्मा कोन हाय? मी त तिले लग्नाच्या दिवशी पाह्यली होती, शेवटची." तेव्हा मात्र आम्ही दोघीही हसलो, आणि मग भाभी रडल्या. बाकावर गजरे ओवणाऱ्या, हवालदारांची फिरकी घेणाऱ्या त्या बाईला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

अकोल्याला मी त्यांच्याबरोबर गेले. बडनेऱ्याचा फलाट मागे पडला तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर नुसती कपाशी होती. शेठ गेल्यावर त्या कायमच्या हर्षाकडे राहायला गेल्या आणि आमचा उंबरा मुका झाला. फोन करायच्या तेव्हा आधी विचारायच्या, परमिशन हाय काय. दोन वर्षांपूर्वी त्याही गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. स्मशानात नाव विचारलं तेव्हा जावयानं दोन्ही सांगितली म्हणे. लिहिणारा म्हणाला, एकच सांगा. कोणतं सांगितलं ते मी विचारलं नाही.

यंदा माझ्या लेकीचं, चारूचं लग्न झालं. मांडवात तांदळाचं ताट आलं, नवऱ्या मुलानं अंगठी धरली आणि बायका वाकून पाहू लागल्या. चारूचं आणि त्याचं आधीच ठरलेलं होतं. त्यानं सावकाश लिहिलं, चारू. बायकांत कुजबुज सुरू झाली. त्याची आत्या चांगली ठणठणीत बाई, तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "काहून व विहिनबाई, तुमच्यात नाव बदलत नाई काय?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. मास्तरणीचं, शुद्ध आणि लांबलचक. पण मागच्या रांगेतून आवाज आला, भाजीबाजारातला, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा. हर्षा होती ती. लेकीला जवळ धरून, दुसरा हात कमरेवर ठेवून उभी.

"नाई बदलत," ती म्हणाली. "बदललं त माय अकोल्याले येऊ शकत नाई."

आत्याबाईंना काहीच कळलं नाही. लग्न लागत होतं अमरावतीत, नवरा मुलगा यवतमाळचा, यात अकोला कुठून आलं म्हणून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना सांगायचं होतं मला. पण मला रडू आवरेना.